पिनबॉलचा जादूगार आणि अरणगावची टेकडी

१. वाचकहो, आजच्या धाग्याची सुरुवात दोन तारखांनी करते. ७ फेब्रुवारी १९६९ रोजी नगर शहराच्या दक्षिणेस, दौंड रस्त्यावरील अरणगावच्या टेकडीवर मेहेरबाबांचा देह समाधीत ठेवण्यात आला. ७ मार्च १९६९ रोजी लंडनमध्ये ‘द हू’ या चार तरुणांच्या बँडची ‘पिनबॉल विझार्ड’ ही तबकडी बाजारात आली. बरोबर एक महिन्याचे अंतर.

२. दिवसांचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दोन घटनांमधील नाते मात्र योगायोगाचे नाही. ते नाते काय होते, आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात त्याला एक ओळसुद्धा का मिळू नये, हा आजचा विषय. नेहमीच्या धाग्यांमध्ये मी माहिती देते आणि मत राखून ठेवते. आज मतही मांडणार आहे.

३. प्रथम बँडविषयी. १९६९ च्या मार्चमध्ये गायक रॉजर डाल्ट्री नुकताच २५ वर्षांचा झाला होता. बास वाजवणारा जॉन एंटविसल २४ चा, गिटार वाजवणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड २३ चा, तर ड्रमवर बसणारा कीथ मून अवघा २२ चा. हा धागा लिहिणारी मी त्यांच्याच वयाची आहे, म्हणून हे आकडे मला विशेष जाणवतात.

४. ‘बॉय बँड’ म्हटले की आज आपल्यासमोर एकसारखे कपडे घालून नाचणारी देखणी मुले येतात. त्या अर्थाने ‘द हू’ बॉय बँड नव्हता; ही मुले स्वतः वाद्ये वाजवीत आणि स्वतःची गाणी स्वतः लिहीत. परंतु साठच्या दशकाच्या मध्यास त्यांना बाजारात उभे करण्याची रीत फारशी वेगळी नव्हती. किट लॅम्बर्ट आणि ख्रिस स्टँप या दोन व्यवस्थापकांनी त्यांना ‘मॉड’ नावाच्या, कपड्यांविषयी अत्यंत चोखंदळ असलेल्या तरुण वर्गाचा बँड म्हणून घडवले. पोशाख, केस आणि मंचावर गिटार फोडण्याचा थाट, हे सारे त्या प्रतिमेचाच भाग होते.

५. त्या काळी अशा बँडचे पोट ‘सिंगल’वर चाले. सिंगल म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. मोठ्या तबकडीपेक्षा स्वस्त, म्हणून शाळकरी मुलांनाही परवडणारी. दर आठवड्याला विक्रीची यादी लागे आणि त्या यादीतील क्रमांकावर बँडचे भवितव्य ठरे. १९६५ च्या ऑक्टोबरअखेर आलेली त्यांची ‘माय जनरेशन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. १९६८ साली मात्र त्यांच्या तबकड्यांना मायदेशात जेमतेम प्रतिसाद मिळाला. फोडलेल्या वाद्यांचे कर्ज डोक्यावर होते. थोडक्यात, बँड अडचणीत होता.

६. याच सुमारास टाउनशेंडच्या आयुष्यात आपल्या जिल्ह्याचा प्रवेश झाला. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी महोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या अमली पदार्थाने त्याला भयंकर अनुभव दिला आणि त्याने त्या पदार्थापासून फारकत घेतली. त्यानंतर माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राने त्याची मेहेरबाबांच्या विचारांशी ओळख करून दिली. चार्ल्स पर्डम यांनी लिहिलेले बाबांचे चरित्र त्याच्या हाती पडले, आणि तो कायमचा बाबांचा झाला.

७. मेहेरबाबा कोण, हे नगरकरांना सांगावे लागू नये. तरी इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यातील एका इराणी जरथुश्त्री कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना पुणे छावणीतील हजरत बाबाजान या वृद्ध सूफी स्त्रीच्या सहवासाने त्यांचे आयुष्य पालटले. पुढे ते ज्यांच्याकडे गेले त्यांत शिर्डीचे साईबाबा होते आणि साकोरीचे उपासनी महाराज होते. शिर्डी आणि साकोरी दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. एका जरथुश्त्री तरुणाचा एका मुस्लिम स्त्रीपासून एका हिंदू महाराजांपर्यंतचा हा प्रवास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

८. १९२३ मध्ये ते प्रथम अरणगावला आले. पहिल्या महायुद्धानंतर ओस पडलेली लष्करी छावणीची जागा तेथे होती. तीच पुढे मेहेराबाद झाली. १९२५ च्या सुमारास तेथे मोफत दवाखाना आणि सर्व जातींच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी १० जुलैपासून बाबांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. आधी अक्षरे लिहिलेल्या पाटीवर बोट फिरवून आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. एकूण ४३ वर्षांहून अधिक काळ.

९. मौनातला माणूस जगाशी बोलत मात्र राहिला. १९३१ मध्ये इंग्लंडला जाताना ‘राजपुताना’ बोटीवर त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. पुढच्याच वर्षी ते हॉलिवूडला गेले. १९६६ मध्ये, पाश्चात्त्य तरुणाई अमली पदार्थांत अध्यात्म शोधू लागली असताना, देव औषधाच्या गोळीत सापडेल काय असा प्रश्न विचारणारी त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्या काळी ते नगरच्या उत्तरेस, पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादमध्ये जवळजवळ एकांतातच राहत होते. जिल्ह्यातील त्या आडबाजूच्या घरातून निघालेला शब्द सॅन फ्रान्सिस्को आणि लंडनच्या मुलांपर्यंत पोहोचत होता. आमच्या तालुक्यातील किती घरांपर्यंत पोहोचत होता, हा प्रश्न वेगळा.

१०. आता गाण्याकडे येऊ. टाउनशेंड १९६८ पासून एका दीर्घ गीतकथेवर काम करीत होता. तिचे नाव ‘टॉमी’. टॉमी हा मुलगा बालपणी बसलेल्या धक्क्याने पाहणे, ऐकणे, बोलणे थांबवतो. बाहेरचे जग बंद झाल्यावर स्पर्श आणि कंपन यांतून त्याच्या आत वेगळेच जग उभे राहते. पुढे तो बरा होतो, लोक त्याला गुरू मानू लागतात आणि अखेर तेच लोक त्याच्यावर उलटतात.

११. या कथेमागे बाबांची शिकवण होती, हे टाउनशेंडने कधी लपवले नाही. ‘टॉमी’च्या वेष्टनावर कलाकारांच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव ‘अवतार’ म्हणून छापलेले आहे. निळ्या जाळीचे ते प्रसिद्ध मुखपृष्ठ मॅकिनर्नीनेच काढले. तथापि येथे सावध राहावे लागते. बाबांचे मौन स्वेच्छेने धरलेले होते. टॉमीचे मौन आघाताने लादलेले आहे. बाबा म्हणजेच टॉमी, असे समीकरण काही उत्साही लेखनात आढळते, ते चुकीचे आहे. शिष्याने गुरूचे चरित्र लिहिले नाही. गुरूमुळे पडलेला एक प्रश्न त्याने गोष्टीत घातला. मनुष्य इंद्रियांच्या पलीकडे जातो तेव्हा काय होते, हा तो प्रश्न.

१२. आणि ‘पिनबॉल विझार्ड’? येथे इतिहास आणखी खट्याळ होतो. कथा बरीचशी तयार झाल्यावर तिचा कच्चा मसुदा निक कोन या संगीतसमीक्षकाला ऐकवण्यात आला. त्याला ती फार गंभीर वाटली. हा कोन पिनबॉलचा वेडा होता. काचेखालच्या उतरत्या टेबलावर स्प्रिंगच्या दांड्याने पोलादी गोळी उडवायची आणि ती खाली पडू न देता गुण मिळवायचे, असा तो खेळ. त्याला खूश करण्यासाठी टाउनशेंडने टॉमीला पिनबॉलचा जादूगार करून टाकले आणि झटपट एक गाणे लिहिले. स्वतः त्याला ते फार उच्च दर्जाचे वाटत नव्हते.

१३. तेच गाणे बँडला तारून गेले. ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकावर पोहोचले, अमेरिकेत पहिल्या विसांत आले. त्याने बांधलेल्या वाटेवरून मे महिन्यात ‘टॉमी’ची दुहेरी तबकडी आली. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात ‘द हू’ पहाटे मंचावर आले आणि ‘टॉमी’चा शेवट गात असताना सूर्य उगवला. तो क्षण त्या पिढीच्या आठवणींचा भाग झाला.

१४. म्हणजे घडले काय ते नीट पाहा. गाण्याच्या मुळाशी असलेली कथा अरणगावच्या विचाराने प्रेरित. गाणे लोकप्रिय करणारी युक्ती मात्र एका समीक्षकाच्या छंदातून आलेली. ‘नगरने इंग्रजी रॉक संगीत घडवले’ असे कुणी अभिमानाने म्हणणार असेल, तर मी त्याला प्रथम निक कोनची गोष्ट सांगेन. कोणत्याही घटनेला एकच मूळ नसते, हे आम्ही पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात शिकतो आणि समाजमाध्यमांवर आल्यावर पहिल्यांदा तेच विसरतो.

१५. त्याच वेळी जिल्ह्यात काय चालले होते? बाबांचा देह सात दिवस समाधीच्या खड्ड्यात दर्शनासाठी ठेवला होता. ही समाधी त्या आठवड्यात घाईने बांधलेली नव्हे. ती वास्तू १९३८ सालीच उभी होती आणि तिच्या आतील भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने चित्रे रंगवली होती. त्या वर्षीच्या एप्रिल ते जूनमध्ये पुण्यात बाबांचे जे दर्शन आधीच ठरले होते, ते त्यांच्या देहावसानानंतरही पार पडले. परदेशांतून शेकडो लोक आले, त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता, आणि त्यांपैकी अनेक जण अरणगावच्या टेकडीवर येऊन गेले. ‘पिनबॉल विझार्ड’ विलायतेत गाजत होते, नेमके त्याच दिवसांत.

१६. माझ्या आजीचे माहेर त्याच पट्ट्यातले. तिला ते दिवस आठवत. ‘बाबांकडची गोरी पोरं’ असा तिचा शब्द होता. उन्हाळ्याच्या कडाक्यात ती पायी चालत, वाटेत कुणी पाणी दिले की हात जोडून ‘जय बाबा’ म्हणत, आणि त्यांच्यातील एकाचे केस बाईसारखे लांब असल्याने सगळ्या वाड्यात हसू झाले होते. ही पोरे कोणती गाणी ऐकून आली होती, हे आजीला कधी कळले नाही. मला ते कळले तेव्हा तिला सांगायला ती उरली नव्हती.

१७. कथा १९६९ मध्ये संपत नाही. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये टाउनशेंडने ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकात बाबांविषयी दीर्घ लेख लिहिला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘हूज नेक्स्ट’ या तबकडीचे पहिलेच गाणे ‘बाबा ओ’रायली’. त्यातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. ‘रायली’ म्हणजे टेरी रायली हा अमेरिकी संगीतकार, जो त्याच सुमारास किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला होता. गंमत पाहा: जगातील कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या एका गाण्याच्या नावातील दोन्ही शब्द आपल्याकडे वळतात, एक अरणगावाकडे आणि दुसरा किराणा गायकीकडे.

१८. हे गाणे युरोपातील काही देशांत सिंगल म्हणून निघाले. ब्रिटन आणि अमेरिकेत तसे निघाले नाही. तरी ते त्या बँडचे सर्वांत ओळखीचे गाणे ठरले. १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या समारोपात ‘द हू’ने जी गाणी सादर केली त्यांत ते होते. त्या रात्री साऱ्या जगाच्या दूरचित्रवाणीवर जे गाणे वाजले, त्याच्या नावात आपल्या तालुक्यात चिरविश्रांती घेतलेला माणूस होता. दुसऱ्या दिवशी नगरमध्ये त्याची कुणी चर्चा केल्याचे मला स्मरत नाही. मीही तेव्हा शाळेत होते आणि मलाही ठाऊक नव्हते.

१९. हे सांगताना दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘बाबा ओ’रायली’ निघाले त्याच काळात आपला जिल्हा दुष्काळाच्या तोंडी होता. १९७२ ची आठवण घराघरांत आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे हात आणि सुकडीसाठी लागलेल्या रांगा यांविषयी आपण याच मालिकेत वाचले आहे. टेकडीवर आलेले परदेशी तरुण सुबत्तेला कंटाळून आले होते. खाली रस्त्यावर माणसे भाकरीसाठी दगड फोडीत होती. दोन्ही दृश्ये एकाच जिल्ह्यातील आणि एकाच काळातील. इतिहास लिहायचा तर दोन्ही एका पानावर यावी लागतील.

२०. शेवटचे उदाहरण १९८८ चे. बॉबी मॅकफेरिन या अमेरिकी गायकाला सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी भिंतीवर मेहेरबाबांचे एक चित्र दिसले. त्यावर बाबांचे प्रसिद्ध वचन होते: ‘डोन्ट वरी, बी हॅपी’. त्यावरून त्याने गाणे केले. त्यात एकही वाद्य नाही. सगळे आवाज त्याच्याच तोंडाचे, एकावर एक चढवलेले. सप्टेंबर १९८८ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढच्या वर्षी त्याने ग्रॅमीचे सर्वोच्च सन्मान मिळवले. १९८८ च्याच अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्ज बुश यांच्या प्रचाराने ते वापरले आणि मॅकफेरिनने त्याला हरकत घेतली.

२१. येथे काय हरवले तेही पाहिले पाहिजे. बाबांचे ते वचन एकटे नव्हते. आपल्याकडून होईल तेवढे मनापासून करा, आणि मगच चिंता सोडा, असा त्याचा पूर्ण आशय होता. गाण्यात आणि पुढे टी-शर्टांवर पहिला भाग गळाला. उरला तो फक्त सल्ला, ज्याला कष्टांची अट नाही. लोकप्रियतेची ही किंमत आहे. संतवचनांचे आपण भिंतींवर आणि वाहनांच्या मागे जे करून ठेवले आहे, ते पाहता अमेरिकेला हसण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

२२. आता माझे मत. आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण निजामशाही सांगतो, किल्ला सांगतो, १९४२ ते १९४५ या काळात त्या किल्ल्यात बंदिवान असलेल्या नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ सांगतो, सहकारी साखर कारखाने सांगतो. हे सारे सांगितलेच पाहिजे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जिल्ह्यातून जगाच्या संस्कृतीत जे काही गेले, त्यातील एक मोठा प्रवाह अरणगावाहून गेला आणि आपण त्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. त्याची मला तीन कारणे दिसतात.

२३. पहिले कारण: संतपुरुषाचा विषय आपण भक्तांवर सोपवतो. बाबांच्या अनुयायांनी पत्रे, रोजनिश्या, छायाचित्रे कसोशीने जपली आहेत. त्यांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण भक्ताचे प्रश्न आणि अभ्यासकाचे प्रश्न वेगळे असतात. अरणगावच्या लोकांना या साऱ्यातून काय मिळाले, त्या दवाखान्यात कोण येत असे, शाळेत शिकलेल्या मुलांचे पुढे काय झाले, जमिनीचे व्यवहार कसे झाले, हे प्रश्न श्रद्धेच्या कक्षेत येत नाहीत. ते आपण विचारायला हवे होते.

२४. दुसरे कारण: करमणुकीविषयीचा आपला तुच्छभाव. शोधनिबंधासाठी हा विषय मी सुचवला तेव्हा एका ज्येष्ठांनी मला प्रेमानेच समजावले की हा इतिहास नव्हे, ही पोरांची गाणी आहेत. मी त्यांचा आदर करते, पण हे मला पटत नाही. तमाशालाही एकेकाळी हेच म्हटले गेले. आज तमाशाचा अभ्यास केल्याशिवाय महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहिता येत नाही. लोक पदरचे पैसे खर्चून काय ऐकत होते, हे कळल्याविना त्यांच्या मनाचा थांग लागत नाही. तीन मिनिटांची तबकडी हेही दस्तऐवजच आहे. फक्त ते वाचायला कान लागतात.

२५. तिसरे कारण जरा टोचणारे आहे. हा इतिहास कुणाच्याच अस्मितेच्या कामाचा नाही. बाबा जन्माने जरथुश्त्री, त्यांचे गुरू हिंदू आणि मुस्लिम, अनुयायी साऱ्या जगातले, आणि गाणी इंग्रजी. त्यावर कोणत्याही समूहाला मालकी सांगता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी भांडत नाही. गेल्या काही वर्षांत शहराच्या नावावर किती बोलले गेले ते आपण सर्वांनी पाहिले. २०२४ मध्ये नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. नावाच्या वादात मी येथे शिरत नाही. एवढेच म्हणते, की ज्या उत्साहाने आपण नावाविषयी बोललो, त्याच्या शतांशाने जरी गावच्या स्मृतींविषयी बोललो असतो, तरी बरेच काही वाचले असते.

२६. एक रास्त आक्षेप उरतो: गाणे लंडनमध्ये लिहिले, तेथेच ध्वनिमुद्रित झाले, तेथेच विकले, मग तो नगरचा इतिहास कसा? उत्तर असे, की जिल्ह्याचा इतिहास म्हणजे केवळ जिल्ह्याच्या हद्दीत घडलेल्या घटना नव्हेत. नेहरूंचा ग्रंथ किल्ल्यात लिहिला गेला, पण तो घडला जगभराच्या वाचनातून. तरी आपण तो हक्काने आपला म्हणतो. मग अरणगावच्या विचारातून लंडनमध्ये घडलेले गाणे अंशतः आपले का म्हणू नये? अंशतः हा शब्द मात्र सोडायचा नाही.

२७. तुलनेसाठी ऋषिकेश पाहा. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले. ती जागा पुढे ओस पडली, जंगलाने गिळली. पण २०१५ मध्ये उत्तराखंडच्या वनखात्याने ती लोकांसाठी खुली केली आणि आज तेथे जगभरातून माणसे येतात. अरणगावाला पर्यटनस्थळ करावे, असे मी म्हणत नाही. टेकडीची शांतता हेच तिचे वैशिष्ट्य आहे. दर ३१ जानेवारीला अमरतिथीच्या दिवशी हजारो माणसे तेथे पंधरा मिनिटे एकही शब्द न उच्चारता बसतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला तेथे दुकानांची रांग नको वाटेल. मला हवी आहे ती नोंद.

२८. आणि ती नोंद करण्याची वेळ निघून चालली आहे. १९६९ मध्ये जो वीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या पुढे गेला आहे. बँडमधील कीथ मून १९७८ मध्ये गेला, एंटविसल २००२ मध्ये. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांची काळजी नको. टेकडीखालच्या माणसांविषयी लिहिणारे कुणी नाही. ज्याने त्या परदेशी पोरांना टांग्यातून नेले, जिने त्यांना भाकरी करून घातली, ज्या टपालखात्याच्या माणसाने लंडनची तिकिटे लावलेली पाकिटे वाटली, त्यांच्या आठवणी कोणत्याही संग्रहात नाहीत.

२९. म्हणून एक विनंती. अरणगाव, केडगाव, पिंपळगाव माळवी किंवा त्या आसपासच्या गावांत तुमच्या घरी कुणी वडीलधारे असतील, तर येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करा. त्यांना बाबांविषयी काय वाटते, हे विचारण्याची घाई करू नका. त्या दिवसांत काय पाहिले, ते विचारा. रस्ता कसा होता, पाणी कुठून येई, ती माणसे काय खात, काय गात. नाव सांगायला कुणाची हरकत असेल तर नाव नोंदवू नका. वर्ष, गाव आणि काम एवढे पुरे. ज्यांना जमेल त्यांनी मला ते पाठवावे. ते एकत्र लावण्याचे काम मी करीन.

३०. आजीला ते गाणे ऐकवायचे माझे राहून गेले. ऐकवले असते तर तिने पदराने तोंड झाकून ‘काय हा गोंधळ’ असे म्हटले असते, याची मला खात्री आहे. आणि मग कदाचित त्या लांब केसांच्या पोराविषयी आणखी काही सांगितले असते. तेवढे ‘आणखी काही’ मला आता कधीही मिळणार नाही. तुमच्या घरी ते अजून असेल, तर वाट पाहू नका.

पुढील धाग्यात: हजरत बाबाजान ते साकोरी, एका प्रवासाचे टप्पे.